विश्लेषण : कागलचे यशवंतराव, दरबारची तिजोरी आणि मिरजेपर्यंतचे २९ मैल

कोल्हापूरच्या रेल्वे स्थानकाचे नाव श्री छत्रपती शाहू महाराज टर्मिनस. ज्या घाटगे घराण्यात शाहू महाराज जन्मले, त्यांचे कागल तिथून सुमारे वीस किलोमीटरवर आहे. कागलमधून पुणे-बंगळूर महामार्ग जातो, पण तिथे रेल्वे नाही आणि कधी नव्हती. कागलकराला गाडी धरायची तर आधी कोल्हापूर गाठावे लागते.

शाहू महाराज म्हटले की आरक्षण, वसतिगृहे, सक्तीचे शिक्षण, कुस्ती आणि राधानगरी धरण आठवते. त्यांचे आयुष्य रस्ते आणि रेल्वेच्या बाजूने क्वचितच पाहिले जाते. मार्ग कोणी आखायचा, पैसा कोणाचा आणि फायदा कोणाच्या पदरात, हे आज जिल्हा नियोजन समितीच्या बैठकीत रंगणारे वाद त्यांच्या वाट्याला लहानपणीच आले होते. तेही निर्णय त्यांच्या हातात नसताना.

कागलचा मुलगा कोल्हापूरच्या गादीवर कसा आला?

यशवंतरावांचा जन्म २६ जून १८७४ रोजी कसबा बावड्यातील लक्ष्मी-विलास पॅलेसमध्ये झाला. वडील जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब घाटगे हे कागलचे जहागीरदार, आई राधाबाई मुधोळच्या घोरपडे घराण्यातल्या. आई लवकर गेली.

कोल्हापूरचे चौथे शिवाजी महाराज डिसेंबर १८८३ मध्ये अहमदनगरच्या किल्ल्यात, इंग्रजांच्या देखरेखीखाली असताना वारले. राणी आनंदीबाईंनी १७ मार्च १८८४ रोजी यशवंतरावांना दत्तक घेतले आणि नऊ वर्षांचा मुलगा शाहू छत्रपती झाला. आबासाहेब तेव्हा कोल्हापूरचे रीजंट म्हणून कारभार पाहत होते. तेही मार्च १८८६ मध्ये गेले. त्यानंतर महाराज वयात येईपर्यंत कारभार पॉलिटिकल एजंटच्या नजरेखाली कौन्सिलने चालवला. कोल्हापूरच्या रेल्वेचे काम सुरू झाले ते याच काळात.

कागल त्या वेळी नेमके कोणाचे होते?

हे समजल्याशिवाय पुढचे कळत नाही. कोल्हापूर संस्थान सलग, एकहाती राज्य नव्हते. त्याच्या पोटात विशाळगड, बावडा, कागल थोरली पाती, कागल धाकटी पाती, इचलकरंजी, कापशी, तोरगल, हिंमतबहाद्दर आणि सरलष्कर बहाद्दर अशा नऊ मोठ्या जहागिरी होत्या. त्यांचा महसूल आणि कारभार बऱ्याच अंशी वेगळा. शेजारी पटवर्धनांची मिरज, सांगली, कुरुंदवाड ही संस्थाने आणि त्यांना वेढून इंग्रजांचे सातारा, बेळगाव, रत्नागिरी जिल्हे.

म्हणजे एखाद्या व्यापाऱ्याची बैलगाडी कागलहून निघून मिरजेला पोहोचेपर्यंत तिने तीन-चार सरकारे ओलांडलेली असत. हद्द बदलली की रस्त्याची देखभाल करणारा बदलला. आजच्या भाषेत सांगायचे तर ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, सार्वजनिक बांधकाम आणि राष्ट्रीय महामार्ग यांच्यातली हद्दीची ओढाताण. फरक इतकाच, की तेव्हा प्रत्येकाचे राज्यच वेगळे होते.

रस्त्यांचा पैसा कुठून येत असे?

इंग्रज मुलखात, म्हणजे सातारा-बेळगावकडे, याचे उत्तर लोकल फंड हे होते. शेतसाऱ्याच्या प्रत्येक रुपयामागे एक आणा जादा पट्टी घेतली जाई. तिचे दोन हिस्से रस्त्यांकडे आणि एक हिस्सा शाळांकडे जाई. लॉर्ड रिपनच्या धोरणानंतर १८८४ च्या कायद्याने तालुका आणि जिल्हा लोकल बोर्डे आली, तेव्हा हा पैसा खर्च करण्यात स्थानिक सभासदांना थोडा आवाज मिळाला. आजच्या जिल्हा परिषदेचे हे जुने मूळ. मुख्य लष्करी आणि टपालाचे रस्ते मात्र प्रांतिक सरकार बांधत असे. पुणे-बेळगाव रस्ता हा त्यातलाच. तो कोल्हापूरजवळून कागलमार्गे निपाणीकडे जात होता आणि आजचा महामार्ग साधारण त्याच वाटेने जातो.

संस्थानात अशी निवडून आलेली बोर्डे नव्हती. तिजोरी दरबारची, आणि तिजोरीत मुख्य भर शेतसाऱ्याची. त्यामुळे दरबारने रेल्वेला पैसा घातला याचा सरळ अर्थ, भुदरगड-पन्हाळ्याच्या डोंगरातल्या ज्या कुळंबी माणसाने आयुष्यात आगगाडी पाहिली नसेल, त्याचाही पैसा त्यात होता. त्याला कोणी विचारले नव्हते.

रेल्वे मिरजेकडेच का गेली?

१८७६-७८ च्या दुष्काळात दख्खनमध्ये लाखो माणसे मेली. धान्य दुसरीकडे होते, पण ते पोहोचवायला साधन नव्हते. दुष्काळ आयोगाने १८८० मध्ये दुष्काळी मुलखात लोहमार्ग टाकण्यावर भर दिला. त्यातून १८८२ मध्ये सदर्न मराठा रेल्वे कंपनी उभी राहिली. तिचा पुण्याहून बेळगाव-लोंढ्याकडे जाणारा मार्ग मिरजेवरून गेला. कोल्हापूर बाजूला राहिले.

कोल्हापूरपुढे सवाल सोपा होता. मोठ्या मार्गाला जोडून घ्यायचे की बैलगाडीवर राहायचे? जोडायचे तर सर्वात जवळचा सांधा मिरज, आणि पंचगंगेच्या खोऱ्यातून तिकडे जाणारा मुलूख सपाट. रुकडीजवळ पंचगंगा आणि मिरजेच्या अलीकडे कृष्णा, एवढे दोन मोठे पूल. कागल दक्षिणेला पडते, ते या रेषेत येत नव्हते. ज्या घराण्यातून राजा आला, त्याच्या गावासाठी मार्ग वळवला गेला नाही. राजा तेरा वर्षांचा होता, हेही खरे.

३ मे १८८८ रोजी शाहू महाराजांच्या हस्ते कोल्हापूर-मिरज रेल्वेच्या कामाचा प्रारंभ झाला. ते तेव्हा राजकोटच्या राजकुमार कॉलेजात शिकत होते. एप्रिल १८९१ मध्ये गाडी सुरू झाली. त्याच महिन्याच्या पहिल्या तारखेला त्यांचे बडोद्याच्या खानविलकर घराण्यातील लक्ष्मीबाईंशी लग्न झाले होते. कोल्हापूरकरांना त्या एका महिन्यात वरात आणि आगगाडी दोन्ही पाहायला मिळाली.

मार्ग २९ मैलांचा, मीटरगेज. नाव कोल्हापूर स्टेट रेल्वे. मालकी दरबारची, पण गाड्या चालवायचे काम सदर्न मराठा कंपनीकडे. भांडवल स्थानिक आणि चालवणारा बाहेरचा, ही व्यवस्था आज खासगीकरणातून होणाऱ्या रस्त्यांच्या निमित्ताने आपल्याला ओळखीची वाटेल.

दुसऱ्या संस्थानांनी काय केले होते?

राजकोटच्या दिवसांत शाहूंनी याचे एक चांगले उदाहरण जवळून पाहिले असणार. काठेवाडात भावनगर आणि गोंडल या दोन संस्थानांनी पैसा एकत्र घालून १८८० मध्ये स्वतःची रेल्वे सुरू केली होती. पुढे जुनागड आणि पोरबंदरही त्यात आले. हद्दी वेगळ्या, राजे वेगळे, पण रूळ एक. प्रादेशिक वाहतूक नियोजन हा शब्द नंतर आला, काम आधीच झाले होते.

भावनगरचे भावसिंहजी हे राजकोटला शाहूंचे सहाध्यायी आणि पुढे जन्मभराचे मित्र. कोल्हापुरातल्या भाऊसिंगजी रोडला नाव त्यांचेच आहे. रोज त्या रस्त्याने जाणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल, कोण जाणे. सासुरवाडच्या बडोदा संस्थानाने तर १८६२ मध्येच डभोईकडे अरुंद रुळांचा मार्ग टाकला होता. त्यावर सुरुवातीला बैल गाडी ओढत.

दक्षिण महाराष्ट्रात संस्थानांची अशी सामाईक रेल्वे मात्र उभी राहिली नाही.

गादीवर आल्यावर शाहूंनी या रेल्वेचे काय केले?

राजकोटनंतर धारवाडला फ्रेझर यांच्या हाताखाली त्यांचे शिक्षण झाले आणि २ एप्रिल १८९४ रोजी वयाच्या विसाव्या वर्षी त्यांनी कारभार हाती घेतला. रेल्वे तयारच मिळाली होती. मार्ग बदलता येत नव्हता. गाड्या चालवणेही हातात नव्हते. हातात होती ती स्थानकाभोवतीची जमीन.

पुढच्याच वर्षी, १८९५ मध्ये, त्यांनी स्थानकाजवळ शाहूपुरी ही व्यापारपेठ वसवली. व्यापाऱ्यांना जागा आणि सवलती दिल्या. कोल्हापूरचा गूळ पूर्वी बैलगाड्यांतून घाट उतरून राजापूरसारख्या बंदरांकडे जात असे. आता तो शाहूपुरीच्या अडतींतून रेल्वेच्या वाघिणीत चढू लागला. आंबा घाट, फोंडा घाट या वाटांवरची वर्दळ एकदम थांबली नाही, पण व्यापाराचे तोंड पश्चिमेकडून पूर्वेकडे वळले आणि कोकणातल्या जुन्या बंदरांनी त्याची किंमत मोजली. रेल्वेच्या कौतुकात हा हिशेब बहुतेक वेळा राहून जातो.

दुसरे उदाहरण जयसिंगपूर. मिरजेच्या अलीकडे शिरोळ रोड नावाचे स्थानक होते. त्याच्या शेजारच्या मोकळ्या जागेवर १९१७ च्या सुमारास महाराजांनी नवी पेठ आखली आणि तिला वडिलांचे, कागलच्या जयसिंगरावांचे नाव दिले. काटकोनात छेदणारे सरळ रस्ते, ओळीने गल्ल्या, मधोमध बाजार. आज जयसिंगपूरच्या गल्ल्यांतून चालताना पत्ता सापडायला वेळ लागत नाही, कारण गाव वाढत गेलेले नाही, आधी कागदावर आखलेले आहे. कागलला रेल्वे मिळाली नाही. कागलच्या जहागीरदाराचे नाव मात्र रेल्वे स्थानकावर लागले.

या दोन पेठांमध्ये शाहूंची खरी चाल दिसते. नवा लोहमार्ग टाकायला लागतो तेवढा पैसा संस्थानाकडे नव्हता. आहे त्या मार्गावर माल आणि माणसे वाढवायला मात्र जमीन, सवलत आणि थोडा धीर पुरेसा होता. १९०६ मध्ये सुरू केलेली शाहू मिल ही त्याच हिशेबातली. सूतगिरणीला कापूस आणि यंत्रे आणायची तर रेल्वे हवीच.

दुष्काळात रेल्वे कामी आली का?

आली, पण जिथे रूळ संपत तिथे तिचा उपयोगही संपे. १८९६-९७ च्या दुष्काळात महाराजांनी बाहेरून धान्य आणवून स्वस्त धान्याची दुकाने उघडली, दुष्काळी कामे काढली, जनावरांच्या चाऱ्याची सोय पाहिली आणि स्वतः घोड्यावरून डोंगरी भागात हिंडले. कोल्हापूर स्थानकावर उतरलेले धान्य भुदरगडच्या वाडीपर्यंत न्यायचे तर पुढे गाडीवाट आणि त्याही पुढे पायवाट. दुष्काळी कामांवर रस्ते काढण्याचे कारण नुसती मजुरी देणे एवढेच नसे. पुढच्या दुष्काळात गाडी जाईल, असाही त्यात विचार असे.

दुष्काळापाठोपाठ प्लेग आला. मुंबई-पुण्याकडून तो रेल्वेच्या वाटेनेच पसरत होता. ज्या रुळांनी धान्य आणले त्यांनीच साथ आणली, आणि दरबारला गावाबाहेर झोपड्या उभारून माणसे हलवावी लागली.

मग पैसा धरणाकडे का वळला?

१९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी महाराज इंग्लंडला गेले. ते तिकडे असतानाच २६ जुलै १९०२ रोजी मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवण्याचा हुकूम कोल्हापुरात निघाला. परतल्यावर पाण्याची योजना हा त्यांचा ध्यास झाला. भोगावती नदीवर, कोल्हापूरपासून सुमारे पन्नास किलोमीटर पश्चिमेला, फेजिवड्याजवळ धरणाची जागा ठरली. शेजारी वसवलेल्या गावाला मुलीच्या नावावरून राधानगरी म्हटले गेले.

सुमारे नऊ लाख दहा हजार लोकसंख्येचे (१९०१ ची गणना) संस्थान, त्यातही जहागिरींचा महसूल वेगळा, आणि एवढे मोठे धरण. पैसा पुरेना. पहिल्या महायुद्धात साहित्य महागले आणि १९१८ मध्ये अर्धवट भिंतीवर काम थांबले. ते पूर्ण झाले १९५७ मध्ये, महाराजांच्या मृत्यूनंतर पस्तीस वर्षांनी.

रेल्वे पुढे कोकणात का नेली नाही, असे आजही विचारले जाते. सह्याद्रीचा कडा हे एक उत्तर झाले. दुसरे उत्तर तिजोरीत आहे. एका पिढीत एवढ्याशा संस्थानाला एक मोठे काम झेपते. शाहूंनी पाणी निवडले. नंतरच्या काळातली पश्चिमेकडची उसाची शेती पाहता ती निवड चुकली असे म्हणणे अवघड आहे.

कोणत्याच अंदाजपत्रकात न दिसणारा खर्च कोणता?

वाहतुकीचा सर्वात जुना खर्च कुठल्याच वहीत लिहिला जात नव्हता. गावात अधिकारी आला की त्याचे सामान पुढच्या गावापर्यंत वाहायचे, सरकारी निरोप घेऊन धावायचे, वाट दाखवायची, वसुलीच्या रकमेसोबत तालुक्याला चालत जायचे. हे सगळे महार वतनाच्या नावाखाली महार समाजाकडून करून घेतले जाई. बदल्यात थोडी सामाईक जमीन, तिचे वाटे पडत पडत हाती काही न उरणारी. रात्री-अपरात्री बोलावले तरी नाही म्हणता येत नसे. रस्ता सरकारचा आणि पाय त्यांचे, असा हा बंदोबस्त होता.

शाहूंनी १९१८ मध्ये महार वतन रद्द केले आणि त्या जमिनी रयतावा पद्धतीने माणसांच्या नावावर करून दिल्या. पाठोपाठ वेठबिगारीवरही बंदी आली. त्याच वर्षी कुलकर्णी वतन जाऊन पगारी तलाठी आले. सुधारणांच्या यादीत ही नोंद जातीच्या रकान्यात पडते, आणि ते बरोबरच आहे. पण वाहतुकीच्या खर्चाच्या बाजूनेही ती वाचायला हवी. ज्यांच्याकडून फुकट काम घेतले जात होते त्यांची सुटका झाली, आणि सरकारी फिरतीचा खर्च सरकारवर आला.

गंगाराम कांबळे यांची गोष्ट कोल्हापुरात अजून सांगितली जाते. दरबारच्या पागेत काम करणाऱ्या गंगारामांना सवर्णांच्या पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून मारहाण झाली. महाराजांनी त्यांना भांडवल दिले आणि भाऊसिंगजी रोडवर चहाचे हॉटेल काढून दिले. मग आपला खडखडा त्या हॉटेलासमोर थांबवून महाराज भर रस्त्यात चहा पीत आणि सोबतच्या सरदार-दरकदारांनाही पाजत. राजाची गाडी कुठे थांबते, हे गावाला दिसत होते.

मार्च १९२० मध्ये कागल जहागिरीतल्या माणगावला अस्पृश्यांची परिषद भरली, डॉ. बाबासाहेब आंबेडकर अध्यक्ष होते आणि महाराज स्वतः हजर राहिले. नऊ जहागिरींच्या त्या विचित्र नकाशात माणगाव कागलकडे होते, कागलपासून दूर आणि रुकडीच्या रेल्वेमार्गाजवळ. आज ते हातकणंगले तालुक्यात आहे.

६ मे १९२२ रोजी मुंबईत शाहू महाराजांचे निधन झाले. वय अवघे ४७.

त्या रेल्वेचे आणि कागलच्या रस्त्याचे पुढे काय झाले?

१ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. दरबारची तिजोरी संपली, जहागिरींच्या हद्दी पुसल्या. रेल्वे केंद्राची झाली. मीटरगेज जाऊन १९७१ मध्ये रुंद रूळ आले.

कागलचा रस्ता राष्ट्रीय महामार्ग झाला. सातारा-कागल टप्प्याचे चौपदरीकरण राज्य रस्ते विकास महामंडळाने केले आणि खर्चाची वसुली टोलमधून आली, म्हणजे रस्ता वापरणाऱ्याकडून. आता हा टप्पा सहापदरी करण्याचे काम राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे आहे. कोल्हापूर शहरातल्या रस्त्यांसाठी महापालिका हद्दीत टोल बसवला गेला, तेव्हा मात्र लोक रस्त्यावर उतरले आणि वर्षानुवर्षांच्या आंदोलनानंतर २०१५ च्या अखेरीस राज्य सरकारला तो टोल गुंडाळावा लागला. आपल्या गावात फिरायला पैसे का द्यायचे, हा सवाल होता. पण टोल गेला म्हणून खर्च गेला नाही. तो सरकारी तिजोरीवर, म्हणजे टोलनाका कधी न ओलांडणाऱ्या करदात्यावरही पडला. १८८८ च्या भुदरगडच्या शेतकऱ्यासारखाच.

कागल तालुक्यातले आतले रस्ते जिल्हा परिषद आणि सार्वजनिक बांधकाम विभागात वाटलेले आहेत. राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग बांधकाम विभागाकडे, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे. परिषदेचा स्वतःचा पैसा तोकडा, म्हणून बहुतेक कामे जिल्हा नियोजन समितीच्या निधीवर किंवा राज्य-केंद्राच्या योजनांवर अवलंबून.

कोकणाला जोडणाऱ्या कोल्हापूर-वैभववाडी रेल्वेमार्गाची घोषणा २०१६-१७ च्या रेल्वे अर्थसंकल्पात झाली. लांबी सुमारे १०७ किलोमीटर. खर्च केंद्र आणि राज्याने निम्मा-निम्मा उचलायचा. तोवर मिरजेहून आलेली गाडी शाहू महाराज टर्मिनसला थांबते, इंजिन दुसऱ्या टोकाला लागते आणि ती आल्या वाटेने परत जाते.